पैल्या हप्त्याचे चैतूभाऊ

जून संपता संपता शाळा उघडली की आमच्याकडे एका गोष्टीवरून हमखास वाद व्हायचा. फाटक लावायचं की उघडं ठेवायचं? मोठे सर, म्हणजे आमचे हेडमास्तर, म्हणायचे लावा. चैतूभाऊ म्हणायचे उघडं ठेवा. चैतूभाऊ शाळेचे शिपाई, आणि तेही पक्के नव्हेत, रोजंदारीवरचे. हेडमास्तरांपुढे शिपायाचं काय चालणार? पण पहिल्या आठवड्यात फाटक उघडंच राहायचं, कारण कुलपाची किल्ली चैतूभाऊंकडे असायची आणि ती नेमकी त्याच आठवड्यात सापडायची नाही.

"फाटक लावलं का पोट्टं कुंपनातून जाते," असं ते मला समजावून सांगत. "मंग काट्यानं आंग फाटते, अन् कोन्या बाजूनं गेलं थे आपल्याले समजत नाई. उघडं ठेवलं का सरक्या रस्त्यानं जाते. सरक्या रस्त्यानं गेलेलं सापडते बाई."

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. आलापल्लीहून जंगलात शिरणाऱ्या रस्त्यावर आमची शाळा होती. पाचवी ते दहावीचे वर्ग, मागे मुलामुलींची वसतिगृहं, भोवती सागाचं रान. आसपासच्या गावांतून चौथीपर्यंत शिकलेली मुलं पाचवीला आमच्याकडे येत. आपल्या गावातल्या एका खोलीच्या शाळेतून उठून एकदम पन्नास मुलांच्या वर्गात. बहुतेकांची बोली गोंडी. घर दिवसभराच्या पायवाटेवर. बाप हात धरून आणायचा, पत्र्याची पेटी व्हरांड्यात ठेवायचा आणि मूल दुसरीकडे बघतंय असं पाहून निघून जायचा. मग रडणं सुरू व्हायचं. दोन-तीन दिवसांनी पळणं सुरू व्हायचं.

मी वरोऱ्याची. वडील जिनिंगमध्ये कामाला होते. आमच्या घरात बी.एड. झालेली मी पहिली, आणि नोकरीला लागलेलीही पहिलीच. तेवीस वर्षांची होते. एस.टी.तून ट्रंक घेऊन उतरले तेव्हा रस्त्यावर खाकी शर्टातला, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेला, पन्नाशीकडे आलेला एक माणूस उभा होता. शर्टाला एकही बटण नव्हतं. बटणांच्या जागी बाभळीचे काटे टोचलेले होते. त्यानं माझी ट्रंक डोक्यावर घेतली आणि विचारलं, "नदी कोन्ती?"

मला प्रश्नच कळला नाही.

"तुमच्या गावची नदी जी. कोन्ती?"

"नदी लांब आहे. आम्ही विहिरीचं पाणी पितो."

"विहिरीचं," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे फार दयेनं पाहिलं. त्या आठवड्यात त्यांनी मला विहीरवाल्या बाई असंच म्हटलं.

हा त्यांचा नेमच होता. नव्या मुलाला ते नाव विचारत नसत. गावचा नाला, नदी, तळं, जे असेल ते विचारत आणि त्यावरून हाक मारत. नावं हजेरीपटात लिहिलेली असायची, पण त्यांचा काही उपयोग नव्हता हे मला माझ्या पहिल्याच तासाला समजलं. मी पाचवीची हजेरी घेत होते. मुलाचं नाव, बापाचं नाव, आडनाव असं खणखणीत वाचत होते. कोणी हूं की चूं करेना. समोर पन्नास मुलं, सगळी माझ्याकडे बघतायत, आणि एकही हजर नाही! मला वाटलं मुलं माझी चेष्टा करतायत. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"बाई, त्याह्यले पुरं नाव ठावं नाई. घरी कोनी असं बलावत नाई ना. गावाचं नाव घेऊन पाहा."

मी एका गावाचं नाव घेतलं. चार हात वर झाले.

त्याच दिवशी दुपारी त्यांनी मला चार शब्द दिले. येर म्हणजे पाणी. गाटो म्हणजे भात. लोन म्हणजे घर. हिल्ले म्हणजे नाही. "एवढ्यात पैला हप्ता निंगते," ते म्हणाले. "पोट्टं येर म्हनलं का बाहेर सोडा. लोन म्हनलं का मले बलावा."

शाळेची घंटा म्हणजे बेहड्याच्या झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा होता. चैतूभाऊंना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण घड्याळाचे काटे कसे दिसले की घंटा द्यायची हे चित्रासारखं पाठ होतं. पहिल्या आठवड्यात ते घंटा इतकी हलकी वाजवत की आम्हा शिक्षकांनाही ऐकू यायची नाही. मोठे सर चिडायचे. चैतूभाऊ मान खाली घालून ऐकून घ्यायचे आणि पुढची घंटा तितकीच हळू वाजवायचे. नवी मुलं त्या आवाजानं दचकून उठतात, बाकावरून पडतात, हे त्यांनी पाहिलेलं होतं.

मीही नवीच होते. शाळेमागच्या खोलीत सकाळी एकटीच वंदना म्हणताना माझा आवाज मलाच परका वाटायचा. तिसऱ्या दिवशी मी बाबांना पत्र लिहिलं की मला न्यायला या, मला इथे राहवत नाही. पाकीट चिकटवून चैतूभाऊंच्या हाती दिलं, कारण टपाल तेच नेत. त्यांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"भेटाले या म्हनून लिहलं का नेवाले या म्हनून?"

मी खोटं बोलू शकले नाही. "न्यायला या म्हणून."

"मंग हप्ताभर माह्या खिशात ठेवतो," ते म्हणाले. "पैला हप्ता निंगू द्या. मंग तुम्ही म्हनान तसं करू."

राग आला होता मला. माझं पत्र अडवणारा हा कोण? पण भांडायचंही त्राण नव्हतं. पुढच्या सोमवारी त्यांनी ते पाकीट घामानं मऊ झालेलं माझ्यापुढे धरलं. मी ते परत घेतलं. नंतर कळलं की आमच्या गणिताच्या सरांचंही एक पत्र असंच आठवडाभर त्या खिशात राहिलेलं होतं.

पळून गेलेल्या मुलांना आणायची त्यांची रीत तर मी दुसरीकडे कुठेच पाहिली नाही. मूल फाटकातून निघालं की ते उठत, छत्री काखेत मारत आणि त्याच्या मागून चालू लागत. पंधरा-वीस पावलं अंतर ठेवून. धरत नसत, हाक मारत नसत. मूल पळालं की हेही थोडे भरभर चालत. मूल दमून बसलं की हेही बसत. असे दोघं संध्याकाळी त्या मुलाच्या गावात पोचत. मूल आईला बिलगायचं, जेवायचं, झोपायचं. चैतूभाऊ तिथेच अंगणात पडत. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाशी पहिल्यांदा बोलत. बहुतेक मुलं त्यांच्यासोबत परत यायची.

एकदा मी विचारलं, "रस्त्यातच धरून का आणत नाही? दोन दिवस जातात तुमचे."

"रस्त्यात धरलं तर थे भेवाने जनावरावानी होते बाई. चावते, झोंबते. मायच्या हातचं खाल्लं का मंग त्याच्यासंग बोलता येते." मग म्हणाले, "घर जिथल्या तिथी हाये एवढंच पाहाचं राह्यते त्याले. थे पाह्यलं का येते."

दोन दिवस गैरहजर म्हणून मोठे सर त्यांचे दोन दिवस कापायचे. त्याबद्दल चैतूभाऊ कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

माझा तिसरा जून होता. त्या वर्षी पाचवीला बुधरी नावाची मुलगी आली. दहा वर्षांची, बारकीशी. दोन नाल्यांपलीकडच्या गावातली, म्हणजे दिवसभराची वाट. ती रडली नाही. रडणाऱ्या मुलांच्या मधोमध नुसती बसून राहायची आणि सगळ्यांना बघायची. वर्गात मी काही विचारलं की ती आधी दाराकडे पाहायची, तिथे चैतूभाऊ आहेत का म्हणून. ते तिच्या बोलीत सांगत, मग ती मान हलवायची. दोन-तीन दिवसांतच तिचं सगळं जग म्हणजे तो दारातला माणूस झाला होता. चैतूभाऊ मला म्हणाले, "हे टिकन पाहा बाई. हे डोळ्यानं सिकून राह्यली."

बुधवारी दुपारी फाटकाशी एक माणूस आला. बुधरीचा काका. चैतूभाऊंशी तो बराच वेळ बोलला. मी व्हरांड्यातून पाहत होते. मग चैतूभाऊ मोठ्या सरांच्या खोलीत आले. मी तिथे वह्यांचे गठ्ठे लावत होते, म्हणून पुढचं सगळं मी ऐकलं.

"सर, त्या बुधरीची माय पडून हाये. थंडीताप हाये म्हनते. पोट्टीले पाठवा म्हनून निरोप हाये."

मोठ्या सरांनी पेन खाली ठेवलं. ते वाईट नव्हते, हे मला इथे सांगितलं पाहिजे. कुटुंब नागपूरला ठेवून स्वतः वसतिगृहातलंच जेवणारा माणूस. पण त्यांचं तोंड त्या दिवसांत ओढलेलं असायचं.

"चैतू, मागच्या वर्षी किती निरोप आले? कोणाची आजी गेली, कोणाचा बाप झाडावरून पडला. किती खरे निघाले?"

"एक," चैतूभाऊ म्हणाले.

"एक. आणि जी पोरं गेली त्यातली किती परत आली? शनिवारी तपासणी आहे. साहेब पट मोजणार. पाचवीची तुकडी कमी भरली तर ती जाते. तुकडी गेली की एक शिक्षक जातो, एक शिपाई जातो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण तो शिक्षक कोण हे खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं. "आणि तुझ्या कायम व्हायच्या कागदावर त्याच साहेबांची सही व्हायची आहे. अकरा वर्षं झाली ना तुला? शनिवारी दुपारी तपासणी संपली की तू स्वतः तिला घेऊन जा. तोवर नाही."

चैतूभाऊ तिथेच उभे राहिले. मला वाटलं, आता हे काही बोलतील. किल्ली हरवणारा हा माणूस, ह्याला नाही म्हणायच्या शंभर तऱ्हा येत होत्या. पण ते विचारात पडले होते.

"बोलते म्हनला तो," शेवटी ते म्हणाले. स्वतःशीच म्हटल्यासारखं. "माय बोलते, पानी पेते. तीन दिवसानं काई होत नाई. अन् पैल्या हप्त्यात गेलं पोट्टं तर पुन्हा..."

माझ्या हातात वह्यांचा गठ्ठा होता. मी एक वाक्य बोलले असते तर? 'सर, जाऊ द्या तिला, एकीनं काय फरक पडतो.' एवढंच. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण घरी धाकट्या दोघांची शिक्षणं होती, बाबांचा खोकला होता. मी गठ्ठा कपाटात ठेवला आणि वर्गावर गेले.

बुधरीनं काकाला खिडकीतून पाहिलं होतं. मधल्या सुट्टीत ती चैतूभाऊंपाशी गेली. काय बोलणं झालं ते मला तेव्हा समजलं नाही, नंतर त्यांनीच सांगितलं. तिनं विचारलं, काका कशाला आला होता? ते म्हणाले, आठवडी बाजाराला आला होता, मीठ न्यायला. तिनं विचारलं, आई कशी आहे? ते म्हणाले, बरी आहे.

गुरुवारी सकाळी ती फाटकाशी आली. काखेत फडक्यात बांधलेले कपडे. फाटक उघडंच होतं. चैतूभाऊ बाजूच्या दगडावर खराटा बांधत बसले होते. इतकी वर्षं अशा वेळी ते काय करत ते मला माहीत होतं: छत्री उचलायची आणि मागून चालू लागायचं. मी वर्गाच्या दारातून पाहत राहिले. ते उठले, तिच्यापुढे उकिडवे बसले, दोन्ही हात तिच्या खांद्यांवर ठेवले आणि बोलू लागले. मला त्यातला हिल्ले एवढाच शब्द ओळखता आला. मग त्यांनी तिला वळवलं. ती वळली. हट्ट नाही, रडणं नाही. फडकं काखेत घेऊन ती माझ्या वर्गात येऊन बसली, कारण त्या माणसावर तिचा विश्वास होता.

शनिवारी साहेब आले, पट मोजला, मुलांना सव्वीस गुणिले सात विचारलं, चहा पिऊन गेले. जीप वळणाआड जायच्या आत चैतूभाऊ बुधरीला घेऊन निघाले. पावसानं नाले भरले होते, म्हणून ते अलीकडच्या गावात मुक्काम करून रविवारी पोचले.

मंगळवारी ते एकटेच परत आले. सरळ माझ्या वर्गाच्या दारात उभे राहिले. धोतर कमरेपर्यंत चिखलानं भरलेलं, छत्री कुठे तरी राहिलेली. मी बाहेर आले.

"सुक्रवारी सकाळीच गेली बाई," ते म्हणाले. "आमी पोचलो तं माती देऊन झालं होतं."

"बुधरी?"

"माती कुठी देल्ली थे दाखवा म्हने. दाखवली. बसली तिथी. मी मागंच उभा होतो. लय टाइम बसली. मंग उठली अन् माह्याकडे पाह्यलं अन् म्हनली, तुमी बरी हाये म्हनलं होतं." ते दाराच्या चौकटीवर बोट घासत राहिले. "बस. एवढंच म्हनली."

मी त्यांना आत बसा म्हटलं. ते बसले नाहीत. मोठ्या सरांना कळलं तेव्हा ते खुर्चीत मागे रेलले. "मला वाटलं, नेहमीसारखाच निरोप आहे," असं ते त्या दिवशी तीनदा म्हणाले. वर्षभरात त्यांनी बदली करून घेतली.

ऑगस्टात चैतूभाऊंचा कायमचा हुकूम आला. मोठ्या सरांनी पेढे मागवले होते. चैतूभाऊंनी कागदावर अंगठा दिला, पेढा घेतला, हात जोडले. मला कुठे तरी वाटत होतं की ते हुकूम नाकारतील, निदान काही बोलतील. त्यांनी तसं केलं नाही. घरी बायको होती, मैनाबाई, तिच्या गुडघ्यांचं दुखणं होतं. अकरा वर्षं वाट पाहिलेला कागद होता तो. मी तरी कुठे राजीनामा दिला होता?

पण त्यांच्यात एक फरक पडला. पुढच्या जूनपासून फाटकाची किल्ली कधी हरवली नाही. नवे हेडमास्तर म्हणाले लावा, आणि चैतूभाऊंनी कुलूप लावलं. फाटकाशी बसायचंही त्यांनी सोडलं. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात पाणी भरायचं काम मागून घेतलं. मुलं कुंपणातून जायची, पाय फाडून घ्यायची, आणि चौकीदार त्यांना सायकलवरून धरून आणायचा. 'पैला हप्ता निंगू द्या' हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही. एकदा एका नव्या बाईंनी टपालात टाकायला पत्र दिलं, तर ते त्याच मिनिटाला सायकल काढून टपालपेटीकडे गेले.

मात्र तो जून यायच्या आधीपासूनच ते दर पंधरवड्याला बुधरीच्या गावी जात होते हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. मैनाबाईंनी मला सांगितलं तेव्हा हिवाळा सरत आला होता. बुधरीच्या घरी तिचा दीड वर्षाचा भाऊ होता, लच्चू. बाप दिवसभर रानात. लच्चूला बुधरीच सांभाळायची, मग तिला शाळेत पाठवणार कोण? चैतूभाऊ जायचे, बापापाशी अंगणात बसायचे, विषय काढायचे, बाप नाही म्हणायचा, हे परत यायचे. शेवटी त्यांनी सांगितलं, लच्चूला माझ्या घरी दे. मैनाबाईंना मूलबाळ नव्हतं. बाप तयार झाला.

पुढच्या वर्षी शाळा उघडायच्या दिवशी मी रस्त्यावरून येताना त्या तिघांना पाहिलं. चैतूभाऊ पुढे, त्यांच्या खांद्यावर लच्चू. बुधरी मागे. पंधरा-वीस पावलं मागे, आणि ते अंतर ती कमी होऊ देत नव्हती.

ती पुन्हा पाचवीत बसली. पुन्हा पहिला आठवडा, पुन्हा तेच बाक. ती पळाली नाही. शिकत गेली, आणि चांगली शिकली. माझ्याशी बोलायची, मैनाबाईंशी बोलायची, लच्चूला मांडीवर घेऊन त्याच्याशी तासन् तास गोंडीत बडबडायची. चैतूभाऊंशी बोलायची नाही. सहा वर्षं. भांडण नाही, तोंड वाकडं करणं नाही. ते समोर आले की ती बाजूला व्हायची. त्यांनी आणलेलं खायची. काही सांगायचं असलं तर मैनाबाईंना म्हणायची, "त्याह्यले सांगा."

सातवीत तिला ताप भरला. दवाखाना सात कोस. चैतूभाऊंनी बैलगाडी जुंपली, मी सोबत बसले. रस्ताभर ते गाडी हाकत होते आणि दर थोड्या वेळानं मागे वळून गोंडीत काही विचारत होते. ती डोळे उघडे ठेवून आभाळाकडे बघत होती. उत्तर नाही. त्यांनी मग मला विचारायला सुरुवात केली, "बाई, पानी पाह्यजे का तिले?" मी विचारायचे, ती हो म्हणायची, मी त्यांना सांगायचे. त्या गाडीत आम्ही तिघंच होतो.

"तुम्ही तिच्याशी बोला एकदा सरळ," परत आल्यावर मी म्हटलं. "चूक झाली म्हणा."

"म्हनलं ना बाई. दर बारीले गावी गेलो का म्हनलं." ते बैलाच्या मानेवरून हात फिरवत होते. "मी बोललो होतो तिच्यासंग, थेच तं खोटं निंगालं. आता बोलून काय होते? खाते, सिकते. बस."

बुधरी नववीत होती तेव्हा एकदा वह्या घेऊन माझ्याकडे आली. वर्गात आम्ही दोघीच होतो. तोवर तिची मराठी माझ्याइतकीच स्वच्छ झाली होती. तिनं विचारलं, "बाई, माझी आई आजारी आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

मी हो म्हणाले.

तिनं मान हलवली, वह्या टेबलावर ठेवल्या आणि गेली. माझ्याशी बोलणं तिनं त्यानंतरही थांबवलं नाही. पूर्वी मला वाटायचं की तिनं मला माफ केलं. आता वाटतं, माझ्याकडून तिनं कधी कसली अपेक्षाच ठेवलेली नव्हती. ती सगळी त्या एका माणसाकडून होती.

दहावीत ती चांगल्या गुणांनी पास झाली. गडचिरोलीला नर्सच्या प्रशिक्षणाला तिचा नंबर लागला. त्याच वर्षी दिवाळीनंतर मला वरोऱ्याजवळ नोकरी मिळाली आणि मी ते गाव सोडलं. मी निघाले तेव्हा चैतूभाऊ कुठे तरी पाहुणपणाला गेलेले होते, म्हणून आमची निरोपाची भेट अशी झाली नाही. माझ्या मनात ते शेवटचे राहिलेत ते बुधरी गडचिरोलीला निघाली त्या सकाळचे.

आम्ही सगळे रस्त्यावर उभे होतो. मैनाबाई रडत होत्या, आठ वर्षांचा लच्चू त्यांचा पदर धरून उभा होता. बस आली. माणसांनी खच्चून भरलेली. बुधरीची पत्र्याची पेटी आत घ्यायला कंडक्टर तयार होईना, टपावर टाका म्हणाला. चैतूभाऊ साठीला आले होते, पण कोणी पुढे व्हायच्या आत पेटी खांद्यावर घेऊन मागच्या शिडीनं वर चढले. बुधरी आत शिरली. खिडकीपाशी जागा मिळाली तिला. तिनं मैनाबाईंचा हात धरला, लच्चूच्या गालाला हात लावला, मला नमस्कार केला. वर चैतूभाऊ दोरी आवळत होते. ती त्यांच्याकडे पाहणार तरी कशी? मध्ये बसचं छत होतं.

कंडक्टरनं घंटी दिली. बस हलली.

चैतूभाऊ टपावर उभे होते. त्यांचा तोल गेला आणि ते पेटीवर आडवे पडले. मी ओरडले, पण माझा आवाज त्या घरघरीत कुठल्या कुठे गेला. तेवढ्यात खिडकीतून बुधरीचं अर्धं अंग बाहेर आलं. तिनं बसच्या पत्र्यावर धाडधाड हात आपटले.

"थांबवा! चैतूदादा वर हाये! थांबवा ना गाडी! चैतूदादा! चैतूदादा!"

तिची शाळेत शिकलेली मराठी कुठे गेली कोण जाणे. बस पन्नास-साठ पावलांवर जाऊन थांबली. चैतूभाऊ पाठमोरे, एकेक पायरी चाचपत शिडीवरून उतरले. त्यांचे पाय जमिनीला लागले आणि ड्रायव्हरनं गाडी सोडली. खिडकीतलं डोकं आमच्याकडे वळलेलं होतं, पण धुळीत तोंड दिसलं नाही.

ते आमच्याकडे चालत आले. कोपर खरचटलं होतं. मैनाबाई कंडक्टरला शिव्या घालत होत्या.

"दोरी पक्की बांधली," ते म्हणाले. "गडचिरोलीवरी सुटत नाई."

"चैतूभाऊ," मी म्हटलं, "तिनं तुम्हाला हाक मारली. ऐकू आली का?"

"इंजनच्या आवाजात वरतं काई समजत नाई बाई."

आम्ही शाळेकडे चालू लागलो. मैनाबाई लच्चूला घेऊन पुढे गेल्या. थोडं अंतर गेल्यावर चैतूभाऊंनी माझ्याकडे न पाहता विचारलं, "काय म्हनून मारली?"

"चैतूदादा म्हणून."

ते रस्त्याच्या कडेला वाकले, एका पायातली चप्पल काढली आणि दगडावर झटकू लागले. चपलेत काही नव्हतं. मी पुढे झाले, वळणावरून मागे पाहिलं, तर ते अजून चप्पल झटकतच होते.